विद्यापीठ आणि क्रीडांगण

आपल्या जिल्ह्यास स्वतंत्र विद्यापीठ हवें, अशी मागणी धाराशिवांत वारंवार ऐकूं येते. ती रास्त कीं अरास्त, हा वाद आम्ही येथें घालीत नाहीं. परंतु विद्यापीठ म्हटलें कीं पालकांच्या डोळ्यांपुढें इमारत, पदवी आणि नोकरी एवढ्याच गोष्टी उभ्या राहतात; क्रीडांगण कोणाच्या ध्यानींमनींही नसतें. त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मुंबईस विद्यापीठ झालें तें १८५७ सालीं. निजामी अमदानींत आमच्या मुलांस हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची वाट धरावी लागे, आणि तेथें उर्दूंतून शिकावें लागे. मराठवाड्याचें आपलें विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजीं पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झालें. दीर्घ लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजीं त्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव लाभलें. त्याच वर्षीं नांदेडास निराळें विद्यापीठ निघालें व या विद्यापीठाकडे चार जिल्हे उरले. त्यांत आपला एक. २००४ सालीं त्याचें उपकेंद्र आपल्या शहरीं आलें. दूरच्या गांवीं मुलीस धाडण्यास जे बाप कचरत, त्यांस ही केवढी सोय झाली हें सांगणें नलगे.

आतां खेळाकडे वळूं. खोखोस हिरवळ नको, महागडीं साधनें नकोत. दोन खांब, सारवल्यासारखी सपाट जमीन, आणि आठ गडी बसले असतां नवव्यानें धांवावयाचें, एवढाच त्याचा संसार. अवर्षणाच्या आमच्या मुलुखास हा खेळ मानवला यांत नवल नाहीं. धाराशिवच्या सारिका काळे यांनीं २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेंत भारतीय महिला संघाचें नेतृत्व करून गुवाहाटीस सुवर्णपदक मिळविलें. २०२० सालीं त्यांस अर्जुन पुरस्कार लाभला. जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या संघांत धाराशिवच्या अश्विनी शिंदे होत्या. हें यश शहराच्या मैदानावर, बाळपणापासून, नित्याच्या सरावानें पिकलें आहे. विद्यापीठ फार तर त्यास खतपाणी घालूं शकेल. बीं पेरण्याचें काम शाळेचेंच.

याची दुसरी बाजूही पाहावी. बीड जिल्ह्यांतील आष्टी तालुक्याचे अविनाश साबळे लहानपणीं शाळेची दूरची वाट पायीं व धांवत तुडवीत. अडथळ्यांच्या ३००० मीटर शर्यतींत त्यांनीं २०२२ सालीं बर्मिंगहॅमास रौप्य व २०२३ सालीं हांगझौस सुवर्ण मिळविलें. त्यांचें गांव याच विद्यापीठाच्या कक्षेंत येतें. परंतु या पायांतील सामर्थ्य हेरलें तें सैन्यानें. बारावीनंतर ते तिकडे गेले नसते, तर तें कोणाच्या दृष्टीस पडलें असतें? आंतरविद्यापीठ स्पर्धा भरतात, राज्याचा 'अश्वमेध' महोत्सव होतो, हें खरें. पण तेथवर पोंचतो तो ज्यास आधींच कोणीं तरी हेरलेला असतो तो. म्हणून नवें विद्यापीठ मागणाऱ्यांस आमचें सांगणें असें कीं, मागणीच्या कागदावर धांवपट्टी, शिक्षक आणि मुलींचें वसतिगृह हीं इमारतीच्या आधीं लिहावीं.

पालक विचारतात, खेळून पोट भरेल काय? राज्य शासनानें गुणवंत खेळाडूंसाठीं नोकऱ्यांत ५ टक्के जागा राखिल्या आहेत, हें उत्तर तयार आहे. पण तें आम्हांस फारसें रुचत नाहीं. पौलानें करिंथकरांस पत्र लिहितांना धांवेचा दृष्टान्त घेतला, कारण त्या नगराजवळच शर्यती भरत आणि वाचकांस त्या ठाऊक होत्या. आमच्या मुलांपैकीं कित्येकांनीं धांवण्याची खरी शर्यत पाहिलेलीच नसते. त्यांस हा दृष्टान्त कसा कळावा?

तेव्हां तूर्त दोनच गोष्टी मागतों. दहावीच्या वर्गाचा खेळाचा तास दिवाळीनंतर गणिताकडे वळवूं नये, ही शाळाचालकांस विनंती. आम्ही गणिताचे कैवारी असूनही ती करीत आहों. आणि मुलगी आठवींत गेली म्हणून तिचें मैदानावर येणें बंद करणाऱ्या पालकांनीं एकदां सायंकाळीं स्वतः मैदानाच्या कडेस येऊन बसावें, व तिला खेळतांना पाहून मग काय तें ठरवावें.