सूरत पाहून ओळख पटत नसते

काँगोच्या पूर्व भागातल्या सखल वर्षावनात एक मोठा भेक राहतो. भेक म्हणजे बेडकाचाच भाऊबंद. हा पालापाचोळ्यात दबून बसला, की गबून व्हायपर या विषारी सापाचे डोकेच पडले आहे असे वाटते. तोच त्रिकोणी आकार, फिकट तपकिरी पाठ, गडद बाजू, पाठीवरून गेलेली रेघ. छेडले तर फुसकारतोही! गबून व्हायपर हा आपल्या घोणशीच्या कुळातला. त्याचे विषदंत पाच सेंटीमीटरपर्यंत लांब असतात. या सारखेपणामुळे भेकाचे शत्रू दूर राहत असावेत, अशी मांडणी एली ग्रीनबॉम, काँगोचेच चिफुंदेरा कुसाम्बा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये केली.

बातमी या नकलेची झाली. मला मात्र या भेकाच्या नावाची गोष्ट अधिक मोलाची वाटते.

१८८८ मध्ये बूलेंजर यांनी अशाच एका महाकाय भेकाला 'सुपरसिलिअरिस' हे नाव दिले. पुढे पश्चिम आफ्रिकेपासून काँगोपर्यंतचे तसे दिसणारे सगळे भेक याच नावाखाली गेले. पश्चिमेकडच्या भेकाला मोकार यांनी 'शेवालिएरी' म्हटले होते, पण ते नाव मागे पडले. २०११ मध्ये मायकेल बारेज आणि सहकाऱ्यांनी संग्रहालयांतले नमुने पुन्हा काढले, शरीराची ठेवण तपासली, जनुके ताडून पाहिली. एका नावाखाली तीन वेगळे गट निघाले! शेवालिएरीला उपप्रजाती म्हणून नाव परत मिळाले आणि पूर्व काँगोतल्या भेकाला दक्षिण आफ्रिकेचे अभ्यासक ॲलन चॅनिंग यांच्यावरून 'चॅनिंगी' हे नवे नाव.

याने काय फरक पडतो? बराच पडतो. सगळे एकच मानले, तर इथले जंगल तुटले तरी 'तिकडे आहेतच की' म्हणून हात झटकता येतात. वेगळे म्हटल्यावर प्रत्येक जंगलाचा हिशेब वेगळा द्यावा लागतो. वन्यजीवांच्या व्यापारावरील 'साइट्स' करारही संरक्षण देतो ते नावानिशी, आणि त्याच्या पहिल्या परिशिष्टात आता चॅनिंगीचेही नाव आहे.

माणसांची प्रजाती एकच, पण त्यांना ओळखण्यातली घाई तीच. दाढी-टोपी दिसली, आडनाव ऐकले, की झाली ओळख. मग कोकणी, बागवान, तांबोळी, पिंजारी, मणियार सगळे 'ते लोक'. आणि आपण तरी काय करतो? समोरच्यांनाही एकाच गठ्ठ्यात बांधतो. सूरह हुजुरातमध्ये कौमा आणि कबिले एकमेकांची ओळख व्हावी म्हणून केल्याचे सांगितले आहे. लांबून शिक्का मारण्याला ओळख म्हणत नाहीत.

जीव वाचवून पळायचे असेल, तर पहिली नजर पुरते. शेजारी राहायचे असेल, तर जवळ जाऊन नीट पाहावे लागते. एका भेकासाठी लोकांनी एवढे कष्ट घेतले. शेजाऱ्यासाठी आपण निदान चार प्रश्न तरी विचारावेत.