अरावाकांचा बटाटा आणि अर्नाळ्याचे कोळी

येत्या एकादशीला साबुदाण्याची खिचडी ताटात येईल तेव्हा क्षणभर तिच्याकडे निरखून पाहावे. साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून होतो तो कंद, खिचडीतला बटाटा, वरचे शेंगदाणे, हे सारे अमेरिका खंडातून आलेले. 'बटाटा' हा शब्दही आपला नव्हे. कॅरिबियन बेटांवरील तायनो लोक रताळ्याला त्या नावाने ओळखत. पोर्तुगीज जहाजांतून तो शब्द कोकणात उतरला आणि दुसऱ्याच कंदाला चिकटला. हे तायनो अरावाक भाषाकुळातले. ज्यांचा शब्द उपवासाच्या दिवशी आपल्या तोंडी असतो, त्या लोकांचे पुढे काय झाले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

मातीचे उंचवटे रचून त्यांत कसावा लावावा, कडू कसाव्यातील विषारी रस किसून-पिळून काढावा, उरलेल्या पिठाची भाकरी तव्यावर भाजावी, एका झाडाच्या खोडातून होडी कोरून बेटाबेटांत ये-जा करावी, कापसाच्या झोळीत निजावे आणि 'झेमी' म्हटल्या जाणाऱ्या दगडी-लाकडी देवमूर्ती पुजाव्यात, असे त्यांचे जीवन होते. १२ ऑक्टोबर १४९२ रोजी कोलंबस त्यांच्या किनाऱ्यावर उतरला. आपण हिंदुस्थानच्या आसपास पोहोचलो, या भ्रमात त्याने त्यांना 'इंडियन' ठरवले. हे लोक चांगले चाकर होतील आणि सहज ख्रिस्ती होतील, अशी नोंद त्याने पहिल्याच भेटीत करून ठेवली! १४९५ मध्ये चौदा वर्षांवरील प्रत्येकावर दर तीन महिन्यांनी सोन्याची खंडणी लादली गेली. पुढे वेठबिगारी आली, १५१८ मध्ये देवीची साथ आली आणि दोन पिढ्यांत बेटे ओस पडली.

हा अन्याय दूरच्या बेटांचा म्हणून सोडून देता येत नाही. १४५५ आणि १४९३ च्या ज्या पोपच्या फर्मानांनी ख्रिस्तीतरांच्या भूमी स्पेन आणि पोर्तुगालला बहाल केल्या, त्यांचीच सावली आपल्या किनाऱ्यावर पडली. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाले आणि त्याचा हात वसईपर्यंत पोहोचला. वैतरणेच्या मुखावरील अर्नाळ्याचे बेटही त्याच सत्तेखाली होते. मात्र येथे इतिहासाने वेगळे वळण घेतले. १७३७ मध्ये मराठ्यांनी अर्नाळा घेतला, किल्ला उभारला आणि त्याच्या दरवाजावर बाजीरावांच्या नावाचा शिलालेख कोरला. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. तेव्हाच्या करारात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना धर्माचरणाची मोकळीक दिली गेली, हेही विसरू नये. वसईच्या ख्रिस्ती बांधवांच्या घरांत सामवेदी आणि वाडवळी बोली आजही नांदते. ते या मातीचेच आहेत. प्रश्न साम्राज्याचा आहे, शेजाऱ्याचा नव्हे.

कोलंबसाच्या नावाने अश्रू ढाळणारे आपले पुरोगामी विचारवंत वसईचा विषय निघाला की पाव आणि चर्चच्या कमानी यांपलीकडे जात नाहीत. व्हॅटिकनने ३० मार्च २०२३ रोजी त्या 'शोधाच्या सिद्धान्ता'शी आपले नाते नाकारले, तेव्हाही मराठी वृत्तपत्रांना त्यात कोकणाचा संबंध दिसला नाही. असो. त्यांची कीव करून आपले काम भागत नाही.

कारण अर्नाळ्याचे कोळी आपल्यासमोर आहेत. भरती-ओहोटीचा वेग जोखून समुद्रात खुंट रोवायचे, त्यांना डोल जाळे बांधायचे आणि पाण्याने स्वतः बोंबील-जवळा आणून द्यायचा, ही त्यांची विद्या. हाती तिथी आणि चंद्र असला की त्यांना छापील तक्ता लागत नाही. मासळी बाजारात नेऊन विकते ती कोळीण, आणि पैशाचा हिशेबही तिच्याच कमरेला. पावसाळ्यात दर्या बंद. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्याशिवाय होडी पाण्यात लोटायची नाही. सरकारी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते, पौर्णिमा बहुधा त्यानंतर येते. माशांच्या विणीला उसंत देण्याची बुद्धी आपल्या या बांधवांना कायद्याच्या आधीपासून होती. या शिस्तीला आपण काय दिले? पर्ससीन जाळ्यांवर २०१६ मध्ये राज्याने निर्बंध घातले, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर २०१७ मध्ये केंद्राने बंदी आणली. तरी रात्री समुद्रावर झगझगाट दिसतो, अशी तक्रार कोळीवाड्यांतून थांबत नाही. लाटा किनारा खात आहेत. उत्तरेला वाढवण बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाले. राष्ट्राला बंदरे हवीत, यात शंका नाही; पण ज्याच्या जाळ्याची जागा जाणार त्याला नुसता भरपाईचा धनादेश पुरतो का, हे विचारणे राष्ट्रद्रोह नव्हे.

आणि आपण? शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलीला कोळी पद्धतीचे लुगडे नेसवून नाचवतो, हौसेने छायाचित्र काढतो. त्याच कोळणीची पाटी लोकलच्या डब्यात शिरली की नाकाला रुमाल लावतो. विरारच्या नव्या संकुलांत मासे शिजवणाऱ्याला भाड्याने घर देताना आढेवेढे घेतो आणि रविवारच्या बैठकीत हिंदू ऐक्यावर भाषण ऐकतो. कार्ल्याच्या एकवीरेला कोळ्यांची पालखी जाते, अर्नाळा किल्ल्यावर कालिकामाता आहे. तेथे दर्शनाला जाणाऱ्या आपल्यापैकी किती जण मंदिराबाहेरच्या वाळत्या बोंबलाजवळ दोन घटका बसतात? अरावाकांची बेटे तलवारीने, खंडणीने आणि रोगाने ओस पडली. अर्नाळ्यावर तसा कोणी शत्रू चालून आलेला नाही, म्हणून येथले नुकसान अधिक सावकाश होत आहे.

कोळीवाड्यांचे सीमांकन करून घरांच्या जागा त्यांच्या नावे करा, ही मागणी किनाऱ्यावर वर्षानुवर्षे मांडली जाते. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत मच्छीमारांच्या वसाहतींचा विचार आहे. तो नकाशावर आणि सातबाऱ्यावर उतरला पाहिजे. आपल्यात वकील आहेत, सर्वेक्षक आहेत, निवृत्त महसूल अधिकारी आहेत. येत्या नारळी पौर्णिमेला त्यांनी होडीने बेटावर जावे, सोबत कागद घेऊन.