खवले मांजर कुठल्या खणात?

परवा भाचीने फोनवर विचारलं, "मामा, अंगावर खवले, दिसायला मगरीचं पिल्लू, आणि म्हणे मांजर! असं कसं नाव?" आमच्या जरीपटक्यात साधी मांजरं उदंड, खवले मांजर कुठून दिसणार? पण प्रश्न डोक्यात राहिला. माझं मत असं, की हे नाव मोठमोठ्या विद्वानांपेक्षा खरं निघालंय. कसं ते सांगतो.

१७५८ साली लिनिअसने 'सस्तन' हा वर्ग पहिल्यांदा मांडला. त्यात खवले मांजराला त्याने 'ब्रूटा' गणात, चक्क हत्ती आणि स्लॉथच्या पंगतीला बसवलं. कारण काय, तर पटाशीचे दात नाहीत! दुसरा चिलखतवाला म्हणजे दक्षिण अमेरिकेतला आर्माडिलो. तो आधी डुकराशेजारी होता, १७६६ च्या आवृत्तीत त्यालाही ब्रूटात आणलं. पुढे क्युव्हिएने दोघांना 'दंतहीन' खणात टाकलं. आता गंमत बघा, आर्माडिलोला दात असतात. राक्षसी आर्माडिलोला तर शंभराच्या घरात!

दोघांची चिलखतंही वेगळी. आर्माडिलोच्या चिलखतात हाड असतं, तर खवले मांजराचे खवले म्हणजे आपल्या नखांचाच पदार्थ. दोघेही मुंग्या खातात, म्हणून काही गोष्टी सारख्या झाल्या, इतकंच. गेल्या काही दशकांत डीएनए तपासला, तेव्हा कळलं की खवले मांजराचे आज हयात असलेले सगळ्यात जवळचे नातेवाईक म्हणजे मांजर, कुत्रा, अस्वल ही मंडळी. सख्खे नव्हेत, लांबचे चुलत म्हणा. आपल्या लोकांना डीएनए कुठला ठाऊक? तीर अंधारातच मारला, पण लागला!

मला खटकतं ते हे, की आपली नजर खवल्यांच्या पुढे जातच नाही. विद्वानांची चूक नंतरच्या विद्वानांनी दुरुस्त केली. पण त्याच खवल्यांत औषध आहे असं समजून जगभर या प्राण्याची कत्तल चालते, ती कोण दुरुस्त करणार? नखं कुरतडून कुणी बरं झालंय का? बिचारं घाबरलं की अंगाचा चेंडू करून पडून राहतं. वाघ-बिबट्याच्या दातांपुढे हे चालून जातं. माणूस मात्र तो चेंडू उचलून पोत्यात घालतो.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडे त्याला पूर्ण संरक्षण आहे. २०१६ मध्ये जोहान्सबर्गच्या साइट्स परिषदेत आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी ठरली. तरी तस्करी पकडल्याच्या बातम्या येतातच. मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं, ही भर कशी निघायची?

असो. भाचीला सांगितलंय, नाव बरोबर आहे, बिनधास्त मांजर म्हण. आणि कुणी खवल्याची अंगठी किंवा ताईत विकायला आणला, तर त्याला आपलं कापलेलं नख दाखव!