श्रीमंत म्हणतात, आम्ही निघालो!

२०२५ च्या नोव्हेंबरात जोहरान ममदानी न्यूयॉर्कचे महापौर म्हणून निवडून आले आणि आमच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर एकच गलका झाला. "आता संपले न्यूयॉर्क! श्रीमंतांवर कर बसवणार म्हणे. सगळे उद्या फ्लोरिडाला पळतात की नाही बघा!" ज्यांची मुले तिकडे आहेत ते आणि ज्यांनी अमेरिका फक्त सिनेमात पाहिली ते, दोघेही तितक्याच ठामपणे बोलत होते. जणू काही कर लावला की श्रीमंत पळतो, हा न्यूटनचा चौथा नियमच आहे!

मंडळी, मला हे मुळीच पटत नाही. मी काही अर्थशास्त्रज्ञ नाही. आयुष्यभर शाळेत मुलांना शिकवले, एवढेच. पण या प्रश्नाला शाळेतले गणित पुरते.

ममदानींनी प्रचारात मांडलेला प्रस्ताव असा : वर्षाला १० लाख डॉलरच्या वर जे उत्पन्न असेल, त्या वरच्या भागावर शहराचा २ टक्के जादा कर. 'वरच्या भागावर' हे शब्द महत्त्वाचे, आणि नेमके तेच वादात गळून पडतात. साडेदहा लाख डॉलर कमावणाऱ्याला जादा भरावे लागणार एक हजार डॉलर. वीस लाख कमावणाऱ्याला वीस हजार, म्हणजे त्याच्या एकूण मिळकतीचा एक टक्का. एवढ्यासाठी माणूस मुलांची शाळा, धंद्यातले हितसंबंध, म्हातारे आईवडील, मित्रमंडळी सगळे सोडून जाईल? एखादा जाईलही. पण 'सगळे'?

आणखी एक गोष्ट. न्यूयॉर्क शहर १९६६ पासून रहिवाशांच्या उत्पन्नावर स्वतःचा वेगळा कर घेते. आज त्याचा वरचा दर ३.८७६ टक्के आहे. हा कर चुकवायला फ्लोरिडापर्यंत जायची गरजच नाही. शहराची हद्द ओलांडून वेस्टचेस्टरमध्ये किंवा लाँग आयलंडच्या उपनगरांत घर घेतले की झाले. रोज लोकलने मॅनहॅटनला कामाला या आणि संध्याकाळी परत जा. पूर्वी बाहेरून कामाला येणाऱ्यांवरही शहराचा थोडा कर होता, तोसुद्धा १९९९ मध्ये रद्द झाला. म्हणजे दार सताड उघडे आहे. तरीही पार्क अव्हेन्यूवरची घरे काही ओस पडलेली नाहीत. जो माणूस जवळच्या गावात जाऊन पावणेचार टक्के वाचवत नाही, तो आणखी दोन टक्क्यांसाठी हजार मैल दूर जाईल, हे कुठले तर्कशास्त्र?

बरे, हा नुसता माझा तर्क नाही. न्यू जर्सीने २००४ मध्ये पाच लाख डॉलरवरच्या उत्पन्नाचा दर ६.३७ वरून ८.९७ टक्क्यांवर नेला. क्रिस्टोबल यंग आणि चार्ल्स व्हार्नर या अभ्यासकांनी त्याचा परिणाम तपासला, तर करामुळे गेलेले श्रीमंत अगदी नगण्य निघाले. पुढे यंग आणि सहकाऱ्यांनी देशभरची करविवरणपत्रे तपासली. वर्षाला दहा लाखांवर कमावणाऱ्यांपैकी राज्य बदलतात २.४ टक्के, सर्वसाधारण लोकांपैकी २.९ टक्के. म्हणजे श्रीमंत इतरांपेक्षा कमीच हलतात! कारण सोपे आहे. त्यांची कमाई त्यांच्या ओळखीपाळखीत, गिऱ्हाइकांत आणि त्या शहरातल्या नावात रुजलेली असते.

मॅसॅच्युसेट्सचे उदाहरण तर ताजे आहे. तिथे २०२२ मध्ये मतदारांनीच दहा लाख डॉलरवरच्या मिळकतीवर ४ टक्के अधिभार मंजूर केला. सुरुवातीचा अंदाज होता वर्षाला सुमारे एक अब्ज डॉलरचा, आणि जमा झाले दोन अब्जांहून अधिक. शिक्षण आणि वाहतूक यांसाठी हा पैसा बांधून ठेवला आहे. त्यातून सरकारी शाळांतल्या सगळ्या मुलांना मोफत जेवण मिळते. माझ्यासारख्या मास्तराला एवढे एक कारणही पुरेसे आहे.

आता दुसरी बाजू. कोणीच जात नाही, असे मी म्हणत नाही. डेव्हिड टेपर हे अब्जाधीश न्यू जर्सी सोडून फ्लोरिडाला गेले, तेव्हा राज्याचे अंदाजपत्रक करणारे चिंतेत पडले होते. जेफ बेझोस २०२३ मध्ये सिअ‍ॅटल सोडून मायामीला गेले. न्यूयॉर्कमध्ये उत्पन्नकराचा सुमारे ४० टक्के वाटा वरचे एक टक्का लोक भरतात, तेव्हा त्यातले मोजके गेले तरी खड्डा पडतो. देशातल्या एकूण 'मिल्यनेअर' मंडळींत न्यूयॉर्कचा हिस्सा गेल्या काही वर्षांत घटला आहे, हेही खरे. पण त्यांची संख्या तिथे घटलेली नाही, वाढलेली आहे. वर्ग मोठा झाला म्हणून पहिल्या बाकाची टक्केवारी कमी झाली, याचा अर्थ पहिल्या बाकावरची मुले शाळा सोडून गेली असा होत नाही.

शहर खरोखर रिकामे कधी होते, ते न्यूयॉर्कनेच दाखवले आहे. १९७० मध्ये तिथे ७८.९ लाख लोक होते, १९८० मध्ये ७०.७ लाख. मधल्या काळात कारखाने आणि नोकऱ्या गेल्या, गुन्हे वाढले. १९७५ मध्ये शहर दिवाळखोरीच्या दारात उभे राहिले. मग शिक्षक, पोलीस, अग्निशामक दलाचे जवान कामावरून कमी केले. १८४७ पासून फुकट असलेल्या शहराच्या महाविद्यालयांत १९७६ मध्ये फी बसली. जिथे शाळा, रस्ते आणि सुरक्षितता ढासळते, तिथून माणसे जातात. आणि या गोष्टी कराच्या पैशातूनच उभ्या राहतात, हे विसरून कसे चालेल?

आणि आपल्या मुंबईचे काय? मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ३३ लाख ३८ हजार होती, २०११ मध्ये ३० लाख ८५ हजार. अडीच लाख माणसे कमी! त्याच दहा वर्षांत तेव्हाचा ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. मलबार हिल काही रिकामा झाला नाही. गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींतली कुटुंबे डोंबिवली, बदलापूर, विरारला गेली. त्यांना कोणी श्रीमंतांचा कर लावला नव्हता. त्यांना तिथे जागा परवडली नाही, इतकेच. जाताना त्यांनी वर्तमानपत्रांत मुलाखती दिल्या नाहीत आणि त्यांच्यासाठी कोणाचे अंदाजपत्रकही अडले नाही.

मला राग येतो तो याचा. एक श्रीमंत "मी जाईन हं" असे नुसते म्हणाला की, सगळे राज्यकर्ते दचकतात. अडीच लाख साधी माणसे खरोखर निघून जातात, तेव्हा त्याला आपण 'विकास' म्हणतो. असो. पुढच्या वेळी कोणी कट्ट्यावर म्हणाले की, कर लावला तर लोक जातील, तर मी एवढेच विचारणार आहे : कोणते लोक?