संयम कुणाचा, भरवसा कुणावर

पालकसभा असो की प्रेरणादायी व्याख्यान, मार्शमेलोची गोष्ट ठरलेली. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६० च्या दशकाअखेरीस स्टॅनफर्डच्या बालवाडीत मुलांपुढे मार्शमेलोसारखा गोड खाऊ ठेवला. लगेच खाल्लास तर एक, मी येईपर्यंत थांबलास तर दोन. थांबलेली मुलं पुढे परीक्षांत सरस ठरली. त्यावरून पूर्वपक्ष असा, की निग्रह अंगातच असावा लागतो. नसेल त्याचं पुढे काही खरं नाही.

हा निष्कर्ष टिकत नाही. २०१८ साली वॅट्स, डंकन आणि क्वान यांनी नऊशेहून अधिक मुलांची माहिती तपासली. थांबणं आणि पुढचं यश यांतला संबंध पूर्वीच्या निम्माच भरला, आणि घरची परिस्थिती हिशेबात धरताच त्यातलाही बराचसा उडाला. मला मात्र सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा प्रयोग जास्त बोलका वाटतो. काही मुलांना छानसं चित्रकलेचं सामान आणून देण्याचा शब्द देऊन तो मोडला. मग मार्शमेलो पुढे आला, तेव्हा ही मुलं सरासरी तीन मिनिटं थांबली. ज्यांना दिलेला शब्द पाळला होता, ती बारा. ती तीन मिनिटंवाली मुलं हावरट नव्हती, त्यांचा हिशेब चोख होता.

मग संयम नावाचं काही नसतंच? असतं, पण मन मारण्यात नसतं. मिशेल यांच्याच प्रयोगांत खाऊ झाकून ठेवल्यावर मुलं कितीतरी जास्त वेळ थांबली. (व्याख्यानांत हे झाकण कधी येत नाही.) २०१२ साली जर्मनीत हॉफमन यांच्या चमूने प्रौढांच्या रोजच्या मोहांची नोंद घेतली, तर संयमी माणसं मोहाशी जास्त झुंजत नव्हती, झुंजायची वेळच त्यांच्यावर कमी येत होती.

आपल्या पतसंस्थांची पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, याच तत्त्वावर चालते. एजंट रोज भाजीवालीच्या हातगाडीपाशी येतो, ती पैसे घरी जाण्याआधीच त्याच्या हाती देते. व्यवस्था आणि भरवसा, दोन्ही आहेत तोवर वर्षानुवर्षं बचत होते. पतसंस्था बुडाली की सवय मोडते. बाई तीच, कष्ट तेच. त्यानंतर तिने गल्ला सणावारात उडवला, तर तिला उधळी म्हणण्याआधी अडकलेल्या ठेवीचा जाब संचालकांना विचारा.