दोष कोळंबीचा नव्हे, सॉसेजचा

अमेरिकेच्या दक्षिणेला, मेक्सिकोच्या आखाताला लागून लुइझियाना हे राज्य आहे. शेतात भात आणि समुद्रात कोळंबी, असा आपल्या कोकणासारखाच तो मुलूख. तिथला 'जंबालाया' हा पदार्थ म्हणजे आपल्या कोळंबीभाताचा दूरचा भाऊच म्हणावा. जाड बुडाच्या एकाच पातेल्यात आधी धुरी दिलेल्या डुकराच्या मांसाच्या सॉसेजच्या चकत्या परततात. सुटलेल्या चरबीत कांदा, ढोबळी मिरची आणि सेलरीचे दांडे घालतात. मग तांदूळ व कोंबडीचे सूप, आणि भात शिजत आला की शेवटी कोळंबी. भांडे एक आणि जेवण पूर्ण! मुलाकडे अमेरिकेत राहून आलेले आईवडील असे पदार्थ चाखून येतात. गोठवलेल्या सॉसेजची पाकिटे आता आपल्याकडेही मिळतात. तेव्हा या पातेल्याचा आरोग्याच्या दृष्टीने विचार करायला हवा.

हृदयविकाराचा किंवा रक्तदाबाचा रुग्ण असे ताट समोर आले की काय करतो? 'कोळंबीत कोलेस्टेरॉल असते' म्हणून ती बाजूला सारतो आणि सॉसेज निर्धास्तपणे खातो. माझ्या मते हे अगदी उलटे आहे.

कोळंबीत कोलेस्टेरॉल असते, हे खरे. शिजवलेल्या १०० ग्रॅम कोळंबीत ते साधारण एका अंड्याइतके असते. परंतु रक्तातले कोलेस्टेरॉल वाढवण्यात खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीचा, म्हणजे तूप-लोण्यासारख्या गोठणाऱ्या चरबीचा वाटा मोठा असतो, आणि ती कोळंबीत जवळजवळ नसतेच. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील संशोधकांनी १९९६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निरोगी लोकांना रोज ३०० ग्रॅम कोळंबी दिली होती. त्यांचे अपायकारक कोलेस्टेरॉल सुमारे ७ टक्के वाढले, पण उपकारक कोलेस्टेरॉल सुमारे १२ टक्के वाढले. शिवाय १०० ग्रॅम कोळंबीतून २० ग्रॅमहून अधिक प्रथिने मिळतात.

आता सॉसेजकडे पाहू. त्याच्या वजनाचा साधारण पाव भाग चरबीचा असतो. १०० ग्रॅम सॉसेजमधून दोन ग्रॅमच्या आसपास मीठ पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी सांगितलेली दिवसभराची मर्यादा पाच ग्रॅमहून कमी आहे! त्यात तयार मसाल्याचे मीठ आणि सूपाचे मीठ मिळवा.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. याच संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली खारवलेले, धुरी दिलेले किंवा रसायने घालून टिकवलेले मांस कर्करोगकारक ठरवले. असे मांस रोज ५० ग्रॅम खाल्ले, तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. घाबरून जाऊ नका. मुळात लहान असलेला धोका एवढ्या प्रमाणात वाढतो, असा याचा अर्थ आहे. वर्षातून दोनदा खाणाऱ्याने चिंता करू नये. मात्र मुलांच्या डब्यात आठवड्यातून चार वेळा सॉसेज देणाऱ्या आईने जरूर विचार करावा. 'आमचे चिकनचे आहे' ही सबबही चालणार नाही, कारण कोंबडीचे मांसही असेच टिकवलेले असू शकते.

मग हा पदार्थ करूच नये का? अवश्य करावा, पण प्रमाण बदलून. आपल्या कोकणातली गृहिणी वांग्याच्या भाजीत मूठभर सुका जवळा घालते. चव साऱ्या भाजीला येते, पण जेवण भाजीचेच असते. सॉसेज तसे वापरावे. चार माणसांच्या पातेल्याला एखादेच पुरे. ते बारीक चिरून परतावे आणि सुटलेली चरबी चमचाभर ठेवून बाकीची काढून टाकावी. भाज्या दुप्पट घ्याव्यात, तांदूळ कमी. मधुमेह्यांनी तर विशेषच. मीठ शेवटी, चव पाहूनच घालावे. काळा दोरा काढलेली ताजी कोळंबी अखेरच्या चार-पाच मिनिटांत घालावी. ती गुलाबी होऊन वळली की शिजली. जास्त शिजवल्यास चिवट होते.

कोळंबीने अंगावर पित्त उठते किंवा श्वास लागतो, अशांनी ती पूर्ण टाळावी. यूरिक आम्ल वाढलेल्यांनी डॉक्टरांना विचारून खावी. इतरांनी मात्र ताटातली कोळंबी विनाकारण बाजूला सारू नये. बाजूला सारायचेच असेल, तर शेजारची चकती सारावी.