बिनतारीचे कुलूप आणि दिघीचा किनारा

९ जानेवारी १९९३ रोजी श्रीवर्धन तालुक्यातील दिघीच्या धक्क्यावर तस्करांचा माल उतरला. त्यात शस्त्रे होती. माल घेऊन निघालेली वाहने पोलिसांनी गोंडघर फाट्यावर अडवली आणि लाचेचा सौदा ठरताच सोडून दिली. पुढच्याच महिन्यात त्याच किनाऱ्यावर शेखाडीला आरडीएक्स उतरले आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे प्राणास मुकली. खटल्यात पोलीस व कस्टम्सचे अधिकारी दोषी ठरले.

पोलिसांचे बिनतारी संभाषण ऐकणे सामान्य नागरिकाला त्या वेळीही कायद्याने मना होते. म्हणजे दिघीचे गुपित कोणा हौशी श्रोत्याच्या कानावाटे फुटले नव्हते. ते राखणदारांनीच विकले होते. हा जुना प्रसंग आज आठवावा लागतो, कारण पोलीस, अग्निशामक दल आणि रुग्णवाहिका यांच्या संभाषणाला सांकेतिक कुलूप लावले की जनता सुरक्षित होते, असा सिद्धांत सध्या जगभर विकला जात आहे. 'विकला' हा शब्द येथे शब्दशः घ्यावयाचा आहे.

अमेरिकेत स्कॅनर नावाचा लहानसा रेडिओ घरी ठेवून आपल्या गावच्या पोलिसांचे व बंबवाल्यांचे बोलणे ऐकणारी माणसे अनेक दशकांपासून आहेत. त्यांत निवृत्त कामगार आहेत, स्वयंसेवक आहेत आणि वार्ताहर तर आहेतच. आग कोठे लागली, गोळीबार कोठे झाला, हे त्यांना अधिकृत पत्रक निघण्यापूर्वी कळे. २०१९ मध्ये डेन्व्हरच्या पोलिसांनी आपले सर्व संभाषण कुलूपबंद केले. शिकागोने २०२२ मध्ये जनतेला अर्ध्या तासाच्या विलंबाने ऐकवण्याची मेहेरबानी केली. न्यूयॉर्कमध्ये २०२३ पासून एकेक विभाग गप्प होऊ लागला. तेथील नव्या यंत्रणेचा खर्च सुमारे ३९ कोटी डॉलर सांगितला गेला. या छंदिष्टांची गंमत गेली एवढाच प्रश्न असता तर त्यावर शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु सत्ता काम करीत असताना तिच्याजवळ बसलेला, तिच्या पगारावर नसलेला एक साक्षीदार तेथून उठवला गेला आहे.

भारतात हा साक्षीदार कधी जन्मालाच येऊ दिला गेला नाही. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा हे परक्या सरकारने आपल्या सोयीसाठी केलेले कायदे. २७ ऑगस्ट १९४२ पासून मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवला, डॉ. राममनोहर लोहियांनी त्याला आधार दिला आणि १२ नोव्हेंबरला पोलिसांनी तो पकडला, तो याच कायद्यांच्या राज्यात. स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षांनी संसदेने २०२३ चा दूरसंचार कायदा केला. तो करताना तरी या वारशाची झडती घ्यावयास हवी होती. घेतली गेली ती उलट दिशेने. सार्वजनिक सुरक्षिततेच्या नावाखाली नागरिकाचे संभाषण ऐकण्याचा अधिकार सरकारकडे कायम राहिला. नागरिकाने अनधिकृतपणे ऐकले तर तीन वर्षांपर्यंत कैद. राज्याला भिंतीपलीकडचे सारे ऐकू यावे आणि प्रजेला राज्याचा शब्दही ऐकू येऊ नये, या व्यवस्थेला सुरक्षितता म्हणावयाचे असेल तर लॉर्ड लिनलिथगोंचा कारभार अत्यंत सुरक्षित होता.

आता कुलपाचे अर्थशास्त्र. हवेतून जाणारी बिनतारी लहर ही सार्वजनिक वस्तूचे नमुनेदार उदाहरण आहे. एकाने ऐकल्याने दुसऱ्याच्या वाट्याचे कमी होत नाही आणि हजारावा श्रोता सरकारला एका पैशाच्याही खर्चात पाडत नाही. तिला कुलूप लावणे म्हणजे पैसे खर्चून टंचाई निर्माण करणे. आणि जेथे टंचाई निर्माण होते तेथे मक्तेदार हजर होतो. ब्रिटनमध्ये पोलीस, अग्निशामक आणि रुग्णवाहिका या तिन्ही सेवा 'एअरवेव्ह' नावाच्या एकाच कुलूपबंद जाळ्यावर बोलतात. २०१६ पासून ते जाळे मोटोरोला कंपनीच्या मालकीचे आहे. तेथील स्पर्धा आयोगाने २०२३ मध्ये निष्कर्ष काढला की निकोप स्पर्धेत द्यावे लागले असते त्याहून दरवर्षी सुमारे २० कोटी पौंड अधिक या सेवांकडून उकळले जात आहेत. आयोगाला अखेर दरांवर नियंत्रण आणावे लागले. आगीचा बंब बोलावण्यासाठी नफेखोराच्या दारातून जावे लागते, हे मार्क्सने नव्हे, भांडवलशाही देशाच्या स्पर्धा आयोगाने लिहून ठेवले आहे.

बरे, एवढे मोजून कुलूप तरी पक्के मिळते काय? एअरवेव्ह ज्या 'टेट्रा' पद्धतीवर चालते, तिची सांकेतिक गणिते १९९० च्या दशकापासून गुप्त ठेवण्यात आली होती. २०२३ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी त्यांतील एक उलगडून दाखवले. ८० बिटांची म्हणून सांगितलेली किल्ली आतल्या आत ३२ बिटांवर आणलेली होती; साध्या संगणकावर ते कुलूप मिनिटभरात निघाले. दुबळे कुलूप कोणते? युरोपीय पोलिसांसाठी राखलेले नव्हे, तर बाहेरच्या देशांना निर्यात करता येणारे. उघडे कुलूप बंद म्हणून गरीब देशांना विकावे आणि ते उघडे असल्याचे त्यांना तीस वर्षे कळू नये, यासाठी गुप्तता फार उपयोगी पडते. बोभाटा झाल्यावर त्याच वर्षी ती गणिते प्रसिद्ध करण्याचा निर्णय घ्यावा लागला. आज येथील पोलीस दलेही डिजिटल यंत्रणेकडे वळत असताना खरेदीच्या कागदांत हे प्रश्न विचारणारा कोणी आहे काय?

दिघीच्या खाडीतच याचा प्रतिवाद रोज ऐकू येतो. समुद्रावर संकटाचे बोलणे १५६.८ मेगाहर्ट्झवर, म्हणजे व्हीएचएफच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवर चालते. ती सर्वांना खुली आहे, आणि खुली आहे म्हणूनच उपयोगी आहे. दिघीचे बंदर २०२१ मध्ये ७०५ कोटी रुपयांना अदानी समूहाकडे गेले. तेथे येणारे परदेशी जहाजही संकटात १६ वरच हाक मारते आणि राजपुरी खाडीच्या तोंडाशी जाळे ओढणारा कोळीही त्याच वाहिनीवर. १९१२ साली टायटॅनिक बुडाल्यावर जगाने हा धडा घेतला. पुढे कित्येक दशके जहाजांवरचे बिनतारी अधिकारी तासातून दोनदा तीन-तीन मिनिटे आपले प्रक्षेपण थांबवून केवळ ऐकत बसत, कोणाची क्षीण हाक निसटू नये म्हणून. समुद्राने सुरक्षितता शोधली ती ऐकणाऱ्यांची संख्या वाढवून.

जमिनीवर काय घडते ते ३ जून २०२० रोजी दिसले. निसर्ग वादळाने श्रीवर्धन-मुरुडच्या सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. वीज गेली, मोबाईल मुके झाले आणि अनेक गावांना कित्येक दिवस शेजारच्या गावाची खबर नव्हती. अशा वेळी बॅटरीवर चालणारा साधा रेडिओ घेऊन बसलेला एखादा शाळामास्तर मदतीची गाडी कोठवर आली, रस्ता कोठे मोकळा झाला, हे वाडीला सांगू शकला असता. कायद्याच्या दृष्टीने तो गुन्हेगार ठरला असता.

विरोधी पक्षाचा मुद्दा पोकळ नाही. छाप्याची आखणी, बलात्कारपीडितेचे नाव, रुग्णाचा आजार हे चव्हाट्यावर येता कामा नये. त्यासाठी वेगळी, बंद वाहिनी ठेवावी. तिला कोणाची हरकत नाही. पण मूठभर बोलणे झाकण्याचे कारण दाखवून सारे झाकणे ही नोकरशाहीची जुनी खोड आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयालगतच्या गल्लीत अशोक कामटे, हेमंत करकरे आणि विजय साळसकर मारले गेले. मदत मागितली कधी आणि ती पोचली का नाही, हे विचारण्यासाठी विनिता कामटे यांना मुंबई पोलीस नियंत्रण कक्षाच्या बिनतारी नोंदी माहिती अधिकारात मिळवाव्या लागल्या. हुतात्मा अधिकाऱ्याच्या पत्नीला जे झगडून मिळवावे लागते, ते हवालदाराच्या विधवेला किंवा तळिये गावच्या दरडग्रस्ताला कोण देणार? आणि नोंदीची एकमेव प्रत चौकशी होणाऱ्याच्याच कपाटात असेल, तर ती पूर्ण आहे याची ग्वाही कोणी द्यावयाची?

म्हणून मागणी नेमकी हवी. आपत्ती, आग आणि रुग्णवाहिका यांच्या नित्य वाहिन्या ऐकण्यास कायद्याने मुभा असावी. पोलिसांच्या नित्य संभाषणाची नोंद ठराविक मुदतीनंतर आपोआप खुली व्हावी. आणि कोणतीही सांकेतिक यंत्रणा खरेदी करण्यापूर्वी तिची गणिते स्वतंत्र तज्ज्ञांनी तपासावीत. रायगड आणि रत्नागिरीतील कार्यकर्त्यांनी मच्छीमार सोसायट्यांच्या सभांतून हा विषय मांडावयास हरकत नाही. तेथे तो समजावून सांगावा लागणार नाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांनी एक लाख मासेमारी नौकांवर उपग्रहाशी जोडलेले ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेचे उद्घाटन केले. संकटात कोळ्याला त्याचा उपयोग होईल, यात शंका नाही. त्यातून नौका कोठे आहे हे किनाऱ्यावरच्या नियंत्रण कक्षाला क्षणोक्षणी दिसणार आहे. तो कक्ष त्या नौकेविषयी काय बोलत आहे, हे मात्र नौकेवरच्या तांडेलाला ऐकू येणार नाही.